एका आरोपाचा इतिहास

श्रोतेहो, पेडणे तालुक्यातील मांद्रे या आमच्या गावी मी गेली अनेक वर्षे शिक्षिका आहे. एका जून महिन्यातील गोष्ट. पावसाची झड लागली होती, आणि पहिलीच्या वर्गाबाहेरील व्हरांड्यात एक आई सकाळपासून बसून होती. तिचा सहा वर्षांचा मुलगा आत होता. घंटा झाली की तो दोन्ही कान हातांनी गच्च दाबून धरी. हाक मारली तर मान वर करीत नसे, परंतु कौलांवरून गळणाऱ्या थेंबांकडे मात्र कितीही वेळ टक लावून पाही. तिसऱ्या दिवशी मी बाहेर येऊन त्या आईला विचारले, ‘‘घरी याच्याशी कोणी बोलत नाही का हो?’’ ती क्षणभर गप्प राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, ‘‘बाई, ताका सगळें कळटा, सांगूंक येना.’’ आणि तिने मान खाली घातली.

माझा प्रश्न मला त्या वेळी अगदी साधा वाटला होता. पुढे त्या मुलाला समजून घ्यावे म्हणून मी वाचू लागले, तेव्हा ध्यानात आले की तो प्रश्न नव्हताच. तो आरोप होता. माझ्या आधी मोठमोठ्या विद्वानांनी तो केला होता, आणि पुढे तो मागेही घेतला होता. मागे घेतल्याची वार्ता मात्र आमच्या गावापर्यंत कधी पोहोचली नव्हती. आज त्या आरोपाचा इतिहास मी आपणांस सांगणार आहे.

त्या मुलाच्या अवस्थेला मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात. डॉक्टर मंडळी ‘ऑटिझम’ म्हणतात. हा शब्द स्वित्झर्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास प्रथम वापरला, तो मात्र प्रौढांच्या एका निराळ्या मानसिक आजाराच्या संदर्भात. लहान मुलांच्या बाबतीत तो रूढ झाला १९४३ साली. अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. लिओ कॅनर यांनी त्या वर्षी अकरा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. आठ मुलगे व तीन मुली. ही मुले माणसांपेक्षा वस्तूंत अधिक रमत. ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी परत म्हणत. रोजचा क्रम तसूभर बदलला तरी कासावीस होत. दुसऱ्याच वर्षी व्हिएन्ना येथे डॉ. हान्स आस्पेर्गर यांनी अशाच स्वरूपाच्या मुलांविषयी लिहिले. आणि त्याही आधी, १९२५ च्या सुमारास, ग्रुन्या सुखारेवा या रशियन डॉक्टरीणबाईंनी अशा मुलांची नोंद करून ठेवली होती.

कॅनर यांच्या त्या लेखातील पहिला मुलगा डोनाल्ड हा मिसिसिपी राज्यातील एका छोट्या गावचा होता. त्याला दूर एका संस्थेत ठेवावे, असा त्या काळच्या रीतीप्रमाणे आईवडिलांना सल्ला मिळाला होता. १९३७ साली, चार वर्षांचा होण्यापूर्वीच, त्याची तेथे रवानगी झाली. परंतु आईवडिलांना चैन पडेना. वर्षभरातच त्यांनी मुलाला घरी परत आणले, आणि वडिलांनी त्याची सारी हकीकत तेहतीस पानी पत्रात लिहून कॅनर यांना पाठविली. त्या पत्रातूनच पुढचे शास्त्र जन्मास आले. हाच डोनाल्ड ट्रिपलेट पुढे महाविद्यालयीन शिक्षण घेऊन पदवीधर झाला, त्याने आपल्या गावच्या बँकेत नोकरी केली, देशोदेशी प्रवास केला, आणि २०२३ साली एकोणनव्वदाव्या वर्षी तो निवर्तला. ज्याला विसरून जावे असे शहाण्यांचे मत होते, त्याला गावाने आयुष्यभर आपला मानला.

१९४३ च्या लेखात कॅनर यांनी ही अवस्था उपजतच असावी, असे स्पष्ट म्हटले होते. परंतु त्याच लेखात त्यांनी असेही टिपले होते की, या मुलांच्या आईवडिलांत फारशी ऊब दिसत नाही. पुढील काही वर्षांत पहिले वाक्य मागे पडले आणि दुसरे पुढे सरसावले. १९४८ साली ‘टाइम’ या विख्यात साप्ताहिकाने या मुलांवर ‘गोठलेली मुले’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली मजकूर छापला. १९४९ साली कॅनर यांनी स्वतःच लिहिले की, ही मुले जणू कधी न वितळणाऱ्या शीतकपाटात ठेवलेली आहेत. झाले! पुढील वीस वर्षे ‘शीतकपाट-माता’ हा शब्द रुग्णालयांतून, महाविद्यालयांतून आणि वर्तमानपत्रांतून फिरू लागला. मूल बोलत नाही, कारण आईने प्रेम दिले नाही, असा तो निवाडा होता.

या निवाड्याला सर्वांत मोठा आवाज मिळवून दिला तो ब्रूनो बेटेलहाइम यांनी. हे गृहस्थ स्वतः डाखाऊ व बुखेनवाल्ड येथील नाझी छळछावण्यांतून वाचून अमेरिकेत आले होते आणि शिकागो येथे मुलांची एक निवासी शाळा चालवीत होते. १९६७ साली ‘रिकामा किल्ला’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहून त्यांनी या मुलांच्या मनःस्थितीची तुलना छळछावणीतील कैद्यांशी केली. आता मुलाला कैदी ठरविले तर पहारेकरी कोण, हे निराळे सांगण्याची गरजच राहत नाही. मुलाला आईपासून दूर करणे हाच उपचार मानला जाऊ लागला.

श्रोतेहो, आपण विचाराल की, इतक्या बुद्धिमान माणसांची अशी चूक कशी झाली? एक कारण असे की, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या त्या काळात मनाच्या प्रत्येक व्यथेचे मूळ बाल्यात आणि आईत शोधण्याची तेथे पद्धतच पडून गेली होती. दुसरे कारण अधिक साधे आहे. बाल्टिमोरच्या तज्ज्ञापर्यंत पोहोचणारी, तेहतीस पानी पत्रे लिहू शकणारी कुटुंबे ही साहजिकच उच्चशिक्षित, संयमी, मोजके बोलणारी होती. तोच संयम डॉक्टरांना थंडपणा वाटला. आणि तिसरे कारण हे की, डॉक्टरांपुढे बसलेली आई कितीतरी वर्षांच्या जागरणांनी थकून गेलेली असे. तिच्या मुद्रेवरचा शीण हा मुलाच्या अवस्थेचा परिणाम होता. विद्वानांनी तो कारण म्हणून लिहून घेतला.

हा निवाडा फिरविला तो मुख्यतः आईवडिलांनीच. अमेरिकन नौदलात मानसशास्त्रज्ञ असलेले बर्नार्ड रिमलंड यांचा मुलगा मार्क स्वमग्न होता. आपल्या पत्नीने मुलाला प्रेम दिले नाही, हे त्यांना काही केल्या पटेना. त्यांनी मिळेल ते सारे संशोधन वाचून काढले आणि १९६४ साली ग्रंथ लिहून, स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे, आईच्या वागण्यात नाही, असे प्रतिपादन केले. त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली ती कॅनर यांनीच. इंग्लंडात लोर्ना विंग या मनोविकारतज्ज्ञ बाईंची मुलगी स्वमग्न होती. त्यांनी इतर पालकांच्या साह्याने १९६२ साली तेथे संस्था उभी केली. क्लॅरा क्लेबोर्न पार्क या अमेरिकन शिक्षिकेने आपल्या मुलीबरोबरच्या दिवसांची हकीकत १९६७ साली, म्हणजे बेटेलहाइम यांच्या पुस्तकाच्याच वर्षी, लिहून प्रसिद्ध केली.

आणि मग १९६९ साल उजाडले. अमेरिकेतील पालकांच्या राष्ट्रीय संस्थेच्या सभेत वृद्ध कॅनर उभे राहिले, आणि समोर बसलेल्या आईबापांना त्यांनी जाहीरपणे दोषमुक्त केले. ज्याच्या लेखणीतून आरोप निघाला होता त्यानेच तो मागे घ्यावा, अशी उदाहरणे शास्त्राच्या इतिहासात फार नाहीत. पुढे १९७७ साली सुझन फोल्स्टाइन व मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्या अभ्यासल्या. एकाच बीजापासून झालेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न निघाली. साध्या जुळ्यांच्या १० जोड्यांत असे एकही उदाहरण आढळले नाही. आनुवंशिकतेचा वाटा त्यातून स्पष्ट झाला आणि शास्त्रापुरता तो खटला निकालात निघाला.

परंतु आरोप फार चिवट असतो. तो मरत नाही, कपडे बदलतो. १९९८ साली अँड्र्यू वेकफील्ड या इंग्रज डॉक्टरने अवघ्या १२ मुलांच्या आधारे गोवराच्या लसीवर बोट ठेवले; मूल टोचून आणणारी आई पुन्हा दोषी ठरली. तो लेख २०१० साली रद्द करण्यात आला. २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदरपणी तापासाठी घेतल्या जाणाऱ्या पॅरासिटामॉलच्या गोळीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला. वास्तविक २०२४ साली स्वीडनमध्ये जवळजवळ २५ लाख मुलांच्या नोंदी तपासून, सख्ख्या भावंडांची तुलना करता असा संबंध दिसत नाही, असे संशोधकांनी प्रसिद्ध केले होते. तरीही जगभरच्या कितीतरी आयांनी आपण त्या नऊ महिन्यांत किती गोळ्या घेतल्या, हे आठवून पाहिले असेलच.

आता आपल्या अंगणाकडे वळू. आमच्या पेडणे महालात शीतकपाट-मातेचे नाव कोणी ऐकले नसेल. परंतु ग्रहणात बाहेर पडली असेल, कोणाची दृष्ट लागली असेल, मागच्या जन्मीचे भोग असतील, असे म्हणणारी माणसे प्रत्येक वाड्यावर भेटतात. शिकलेली माणसे निराळे बोलतात: नोकरी करते ना, मुलाच्या हाती मोबाइल देऊन मोकळी होते. शब्द निराळे, बोट मात्र एकाच दिशेला. मुलगा हुशार निघाला तर बापाच्या वळणावर जातो. बोलत नसला तर आईने बोलायला शिकविले नाही, असे ठरते. ती बिचारी देवळात गाऱ्हाणे घालते, चर्चमध्ये मेणबत्ती लावते, जो कोणी जे सांगेल ते करते. कारण काही न करणारी आई म्हणजे गुन्हा कबूल करणारी आई, अशी तिला भीती वाटते.

आम्हा ख्रिस्ती लोकांच्या शुभवर्तमानात एका जन्मांध माणसाचा प्रसंग आहे. त्याला पाहताच शिष्यांना पहिली शंका आली ती हीच की, पाप याचे की याच्या आईबापांचे. येशूने तो प्रश्नच मोडीत काढला. दोष दोघांपैकी कोणाचाही नाही, असे त्याने सांगितले. दर वर्षी मी तो प्रसंग ऐकत आले होते, आणि तरीही व्हरांड्यातील त्या आईला मी शिष्यांचाच प्रश्न विचारला होता.

या आरोपाचे ओझे प्रत्यक्ष कसे असते? समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ साली कलंक या विषयावर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी दाखविले की, ज्याच्यावर समाज शिक्का मारतो त्याच्या जवळच्या माणसांवरही तो शिक्का उमटतो. स्वमग्न मुलाच्या बाबतीत हा नात्याने येणारा कलंक अधिक बोचतो, कारण हे मूल दिसायला इतर मुलांसारखेच असते. पांगळ्या मुलाला पाहून लोक कळवळतात. बाजारात जमिनीवर लोळण घेऊन किंचाळणाऱ्या धडधाकट मुलाला पाहून मात्र ते आईकडे पाहतात. मग ती बाजारास जाईनाशी होते. चवथीला माहेरी जाणे टाळते, जत्रेला आणि फेस्ताला घरी थांबते. हळूहळू लोक तिला बोलावणेही सोडून देतात.

ही केवळ माझी कल्पना नव्हे. १९९६ साली गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगात’ या संस्थेतील गौरी दिवाण व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील स्वमग्न मुलांच्या कुटुंबांशी सविस्तर बोलून २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कुटुंबांवर प्रचंड ताण येतो, आरंभी ती लोकांतून अंग काढून घेतात आणि पुढे काहींना पुन्हा माणसांत येण्याची वाट सापडते. शेजारीपाजारी भेदभावाचे अनुभव येतात. आणि ज्यांच्याकडे मदतीसाठी जावे त्या डॉक्टर-शिक्षकांनाच या अवस्थेची पुरेशी माहिती नसते, असे त्यात आढळले. यातील शेवटचे वाक्य वाचताना माझीच मान खाली गेली.

पेडण्याच्या आईला आणखी एक ओझे आहे, ते अंतराचे. चोपडे आणि शिवोली यांच्यामध्ये पूल होण्यापूर्वी शापोरा नदी फेरीबोटीने ओलांडावी लागे. आता पूल आहे. पण म्हापसा किंवा बांबोळी गाठावयाची तर दिवस मोडतोच, आणि बसमध्ये मूल बिथरले तर साऱ्या प्रवाशांच्या नजरा झेलाव्या लागतात. नवरा आखातात किंवा बोटीवर नोकरीस असला की हे सारे तिने एकटीनेच करावयाचे.

साध्या थकव्याला झोप हा उपाय आहे. पण आणखी एक थकवा असा आहे की, जो झोपेने जात नाही. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ साली न्यूयॉर्क येथील एका मोफत दवाखान्यातील सेवकांच्या संदर्भात त्याला ‘बर्नआउट’ हे नाव दिले. तेल संपल्यावर वात स्वतःच जळू लागते, तसा हा प्रकार. बेल्जियममधील इझाबेल रॉस्काम व मोइरा मिकोलाय्चाक या संशोधिकांनी आईबापांतील असा शीण अभ्यासला. त्याच्या खुणा अशा: मूल सांभाळण्याच्या विचारानेही गळून जाणे, मुलाचे करावयाचे ते यंत्रासारखे करणे पण मन दूर गेलेले असणे, आणि आपण पूर्वीसारखी आई राहिलो नाही, याचे दुःख. २०२१ साली ४२ देशांतील १७,००० हून अधिक पालकांच्या पाहणीत त्यांना दिसून आले की, जेथे प्रत्येकाने आपले आपण पाहावे अशी रीत आहे, तेथे हा शीण अधिक आढळतो. आपण म्हणाल, आमच्याकडे तर भरलेली घरे आहेत. खरे आहे. परंतु स्वमग्न मुलाची आई भरल्या घरातही एकटीच असते. सल्ला द्यायला दहा माणसे, मूल धरायला एकही नाही.

येथेच या इतिहासातील सर्वांत क्रूर गोष्ट आहे. या शिणाची एक खूण म्हणजे मन दूर जाणे, गोठणे. ज्या थंडपणाचा आरोप आईवर करण्यात आला, तो थंडपणा कोठे दिसलाच, तर तो बहुधा आरोपानेच निर्माण केलेला असतो. आपण तिला दोष देतो, एकटे पाडतो, तिच्या हातून विश्रांती काढून घेतो. आणि ती दगडासारखी झाली की, पाहा, आम्ही म्हणत नव्हतो काय, असे म्हणतो. आरोप स्वतःचा पुरावा स्वतःच तयार करतो.

सुदैवाने चित्र सारेच काळे नाही. दिल्लीत मेरी बरुआ या एका स्वमग्न मुलाच्या आईने १९९१ साली ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था काढली. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ज्या २१ प्रकारांना मान्यता दिली त्यांत स्वमग्नतेला जागा मिळाली. २०१८ साली देशातील पाच ठिकाणच्या ३,९६४ मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यांत आपला उत्तर गोवा होता. स्वमग्न मुलांचे प्रमाण त्यात शंभरात एकाच्या आसपास दिसले. म्हणजे आमच्या मांद्र्यासारख्या गावात अशी आई एकटी असण्याचा संभव नाही; तिला दुसरी माहीत नाही, एवढेच.

माझ्या मनास सर्वांत उभारी देणारी गोष्ट निराळी आहे. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी या दोन ठिकाणी मिळून ६५ मुलांवर एक प्रयोग झाला; त्याचे निष्कर्ष २०१५ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. त्यात मोठे तज्ज्ञ नव्हते. साध्या, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी आईबापांबरोबर बसून, मूल आपल्या पद्धतीने काय सांगते आहे ते कसे ओळखावे आणि त्याला कसा प्रतिसाद द्यावा, हे शिकविले. त्या घरांत आईबाप व मूल यांचा मेळ अधिक चांगला जमू लागला, आणि मुले स्वतः होऊन अधिक वेळा संवाद साधू लागली. ज्ञान मोठ्या शहरातच राहते असे नाही. ते आपल्या अंगणातही येऊ शकते, आणि आरोपाऐवजी ज्ञान आले तर त्याच आईचे हात किती समर्थ असतात, हे या प्रयोगाने दाखविले.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे आपणांस ऐकावयाचे असेल. आम्ही घंटेचा ठोका हळू केला. दिवसाचा क्रम चित्रे काढून त्याच्या बाकावर चिकटविला. तो आजही फार बोलत नाही. परंतु पाऊस येण्याआधी बोटाने छप्पर दाखवितो, आणि सहसा चुकत नाही.

आणि त्याची आई? हा सारा इतिहास वाचून झाल्यावर एके दिवशी मी तिच्याजवळ व्हरांड्यात बसले. ‘‘त्या दिवशी मी चुकीचे विचारले. तुमचा दोष नाही, कधीच नव्हता,’’ असे मी तिला सांगितले. मला वाटले, ती रडेल. ती रडली नाही. बराच वेळ पावसाकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, ‘‘बाई, शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्याला तासभर तुमच्यापाशी ठेवाल? म्हापशाच्या बाजाराला एकदा एकटीने जाऊन येईन म्हणते.’’

श्रोतेहो, निर्दोषत्वाचा निकाल तिला मिळाला तो १९६९ साली, एका दूरच्या देशात. तो तिच्यापर्यंत पोहोचविणे आपले काम आहे. परंतु तिने माझ्याकडे निकाल मागितला नाही. एक तास मागितला. आपल्या वाड्यावर अशी कोणी आई असेल, तर तिला सल्ला देण्यापूर्वी तेवढा एक तास द्यावा, एवढीच माझी आपणां सर्वांस विनंती आहे.